काठाला घातलेले टाके

मित्रांनो, आडवळणाने बोलायची मला सवय नाही, म्हणून सरळच सांगते. मी एक जुनी चौकट आहे. लोखंडी, तीन घड्यांची, पायांना चाकं असलेली. बायकांच्या वॉर्डात मला स्क्रीन म्हणत. आता स्क्रीन म्हटलं की तुमचा हात खिशाकडे जातो, ते मला कळतं. तुमच्या त्या स्क्रीनवर सगळ्या जगाचं सगळं काही उघडं पडलेलं असतं. माझं काम त्याच्या उलट. मी झाकत असे.

सध्या माझा मुक्काम मागच्या व्हरांड्यात आहे. माझ्या अंगावर फरशी पुसायची फडकी वाळत घालतात. त्यांचं पाणी सांध्यांत उतरतं आणि गंज धरतो. मी तक्रार करत नाही. तक्रार करणारी माणसं मी फार जवळून पाहिली आहेत. त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. जे घडलं ते सांगते. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर खेळायला जा.

माझा जन्म कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला जोडलं त्याचे हात ठिणग्यांनी भाजलेले होते, पण नजर अशी की नळी केसभर वाकडी निघाली तरी तो ती बाजूला फेकून देई. मला उभी करून त्याने एका बोटाने ढकललं. मी चूं न करता सरकले. तो शेजारच्याला म्हणाला, "ही पोरगी सासरी नाव काढणार बघ." काढलं ना! कसलं काढलं ते आता ऐका.

वॉर्डात खाटांच्या दोन रांगा, मधून वाट, टोकाला सिस्टरांचं टेबल, आणि सगळ्यांत मिळून मी एकटी. मी आले तेव्हा अंगावर नवं कोरं हिरवं कापड होतं. मला वाटलं, आता रोज मिरवायचं. कुणाचं अंग पुसताना, कुणाची जखम धुताना, कुणाला खाटेवरच भांडं देताना मला बोलावतील, मी आड उभी राहीन, आणि बाईमाणसाची लाज राहील. पण वॉर्डात काम करणाऱ्या बायका थोड्या आणि पडलेल्या बायका जास्त. कोण मला ओढत बसणार? चादरीखाली हात घालून कसंतरी उरकायचे. आणि मग जिचं काही खरं नाही असं दिसे, तिच्याभोवती मात्र मला आठवणीने आणून लावायचे. शेजारणीने बघू नये, म्हणून. उद्देश चांगलाच होता. पण परिणाम काय झाला? मी जिच्याजवळ गेले ती पुन्हा दिसली नाही, एवढंच वॉर्डाने पाहिलं.

झालं. नाव पडलं. "हिरवी निघाली गं" असं कुणी म्हटलं की बायका तोंडावर चादर ओढून घेत. कोपऱ्यातल्या खाटेवर जायला कुणी तयार नसे, कारण शेजारी मी उभी. अहो, मी कुणाला मारलं नाही. मरणारीची लाज तेवढी राखली. पण लोकांना कारण नको असतं, खूण हवी असते. कारण शोधायला डोकं लागतं. खूण धरायला बोट पुरतं.

अशात ती आली. ठेंगणी, भराभर चालणारी, बोलताना हात पुसत बोलणारी. तिचं नाव कुणी घेतलंच नाही. पडलेल्या बायकांना ती सारखी म्हणे, "कूस बदला, एका कुशीवर किती वेळ?" म्हणून वॉर्डाने तिचं नाव ठेवलं कूसवाली सिस्टर. तिला ते कळलं तेव्हा हसली. म्हणाली, "बरं आहे. निदान नाव ऐकून तरी वळतील."

आल्या दिवशी तिने माझं कापड सोडवून धुवायला टाकलं आणि उकिडवी बसून माझ्या चाकांना तेल घालू लागली. वॉर्डातल्या जुन्या मावशी, झाडूपासून भांड्यापर्यंत सगळं करणाऱ्या, दारातूनच ओरडल्या, "अहो सिस्टर, त्या अवदसेला कशाला हात लावता?"

"अवदसा कसली मावशी, ही तर आपली न्हाणी आहे," ती म्हणाली. "तुम्ही घरी दार लावून अंघोळ करता ना? मग या बायकांनी काय पाप केलंय?"

मावशींनी झाडू उचलला आणि वाट झाडायला लागल्या. वाद अर्धा टाकून मावशी कामाला लागणं म्हणजे मोठी गोष्ट होती.

मित्रांनो, तुम्हाला वाटतं नर्स म्हणजे सुई टोचणारी. तुमच्या आयांनीच तसं भीती दाखवून ठेवलंय. मी काय पाहिलं ते सांगते. मोठे डॉक्टर चांगले होते, हुशार होते, गर्व नव्हता. येत, विचारत, बघत, पुढच्या वॉर्डात जात. हाड जुळवायचं काम त्यांचं, ते त्यांनी चोख केलं. पण हाड जुळेपर्यंत बाई दिवसभर पडूनच असते ना? तिचं तोंड कोरडं पडतं, टाचा दुखतात, पोट साफ होत नाही, केसांत गुंता होतो, पडल्या पडल्या घास नरड्यात अडकतो, आणि हे सगळं सांगायची तिला लाज वाटते. ते बघणारी कुणीतरी लागते. कूसवाली बघत असे. पायाला वजन टांगलेल्या बाईची ती आधी पायाची बोटं बघे, गार आहेत का, रंग बदललाय का, हलवता येतात का, आणि मग विचारी, "काय म्हणतेय तब्येत?" उत्तर तिला आधीच बोटांनी दिलेलं असे.

आणि पाठ. पाठीवर तिचा फार जीव. म्हणे, "माणूस आपला चेहरा आरशात बघतो, पण पाठ दुसऱ्यानेच बघावी लागते."

एके दिवशी वॉर्डात शिंपीणबाई आल्या. बायकांचे कपडे शिवायचं त्यांचं दुकान होतं. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना स्टुलावरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन लावून त्यांना उताणं निजवलं. नवरा नव्हता, मूल नव्हतं. दुकानामागच्या खोलीत एकट्या राहायच्या. त्यांचं सगळं करायला त्यांची नणंद यायची, वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. दोघींचं ठरलेलं होतं की इथून सुटल्यावर चालता येईपर्यंत शिंपीणबाईंनी नणंदेच्या घरी राहायचं. दुसरी जागाच नव्हती.

नणंद वाईट बाई नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. रोज यायची, भरवायची, केस विंचरायची, पायाला तेल लावायची. पण तिची आई याच वॉर्डात गेली होती. माझ्या आड. त्यामुळे कूसवाली मला सरकवत शिंपीणबाईंच्या खाटेकडे आली मात्र, ही बाई दोन्ही हात पसरून आडवी.

"ही इथे आणायची नाही. सांगून ठेवते."

"अहो ताई, पाठ पुसायची आहे फक्त."

"मी पुसते माझ्या वहिनीची पाठ. तुम्ही त्या हिरवीला आधी मागे न्या."

कूसवालीने शिंपीणबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा. तुमच्या दुकानात माप घेताना पडदा ओढत होतात ना?"

"ओढत होते," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण सिस्टर, माझ्या पडद्यामागून बाई हसत बाहेर यायची."

"बरं, पडदा नको. मग अशीच उचलून पुसू?"

"इथे? सगळ्यांसमोर?" त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "मेले तरी नाही."

अशी गंमत झाली बघा. आडोसा नको, कारण मरणाची भीती. उघडं नको, कारण जिवंतपणाची लाज. मधल्या मध्ये पाठ राहिली बघायची. नणंद चादरीखालून हात घालून पुसल्यासारखं करी, आणि मग पावडर टाकी. मूठभर पावडर. गादी खराब झाली तर बोलणी बसतील म्हणून तिने चादरीखाली प्लास्टिकचा कागदही आणून घातला. घाम त्यावर साचे, पावडरीचा त्यात चिखल होई, आणि वर वास मात्र बागेतल्या फुलांचा. माया अशी आंधळी असली की वैऱ्याची गरज उरत नाही.

डॉक्टर फेरीला आले की विचारत, "काही त्रास?"

"काही नाही," शिंपीणबाई म्हणत. पायाचं हाड छान बसत होतं. डॉक्टर पुढे जात.

पण कूसवालीचं नाक तिखट होतं. एकदा फुलांच्या वासाखालून तिला दुसराच वास आला. भांडं देताना शिंपीणबाई ओठ चावतात, जेवण अर्धं टाकतात, अंग कोमट लागतं, हे तिने पाहिलं. ती नणंदेशी बोलली, समजावलं, प्लास्टिक काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते परत घातलेलं होतं. ती डॉक्टरांशी बोलली. डॉक्टरांनी शिंपीणबाईंना सांगितलं, "सिस्टर म्हणतात तसं करा हं." त्या "हो हो" म्हणाल्या, आणि डॉक्टर गेल्यावर चादर घट्ट धरली. आता सांगा, चादर धरलेल्या मुठी काय कुणी पिरगाळून सोडवायच्या? कूसवालीने ते केलं नाही. नको म्हणणाऱ्या बाईच्या अंगाला ती हात लावत नसे. तिने दुसरी वाट काढली, आणि ती वाट माझ्यावरून गेली.

समोरच्या रांगेत एक भाजीवाली होती. हाताला प्लास्टर, तब्येत ठणठणीत, उद्या घरी जायची होती. आवाज असा की तीन गल्ल्यांत कोथिंबीर विकावी. कूसवाली तिच्याजवळ बसून कानात काहीतरी बोलली. भाजीवाली मोठ्याने म्हणाली, "आणा की! मला लावा! वर न्यायला कुणी आलंच तर सांगा, आज बाजार बंद."

मला सरकवत नेलं तेव्हा बायकांनी तोंडावर चादरी ओढून घेतल्या. मी भाजीवालीच्या खाटेला वेढा घातला. आत पाण्याचा आवाज, आणि भाजीवालीची कॉमेंटरी सुरू. "सिस्टर, पाणी गार आहे हो! अगं बायांनो, जिवंत आहे मी अजून! आता पाठ चाललीय! आहाहा, अशी पाठ माझ्या नवऱ्याने जन्मात नाही चोळली!" खाटाखाटांवरून हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाली आपल्या पायांनी चालत घरी गेली, जाताना माझ्या दांडीवर थाप मारून.

मग दुसरी, मग तिसरी. कूसवाली रोज मला फिरवू लागली, बऱ्या होणाऱ्या बायकांपासून सुरुवात करून. आत गेलेली प्रत्येक जण ओरडे, "जिवंत आहे गं!" तो वॉर्डाचा खेळच झाला. माझ्या कापडाचा रंग तोच, चाकं तीच, पण बायका मला हाका मारू लागल्या, "ए हिरवे, इकडे ये!" मित्रांनो, त्या दिवसांत मी किती ताठ उभी राहत असे ते काय सांगू. उतारवयात माणसाला पुन्हा माहेरपण मिळावं, तसं झालं.

शिंपीणबाई हे सगळं उताण्या पडून बघत होत्या. पण त्यांची नजर माझ्या दांडीवर नव्हती, कापडाच्या काठावर होती. एकदा नणंद यायच्या आधी त्यांनी कूसवालीला बोलावलं. चेहरा रागाने लाल.

"सिस्टर, हा काठ कुणी दुमडलाय?"

"कुठून शिवून आलं असेल. का हो?"

"का काय! सगळा उसवलाय. दोरा लोंबतोय. माझ्या दुकानात पोरीने असं काम केलं असतं तर मी तिला हाकलली असती. इतके दिवस हे डोळ्यांसमोर फिरतंय, माझं डोकं उठलंय. काढा ते कापड, द्या इकडे. आणि माझ्या पिशवीतून सुईदोरा द्या."

कूसवालीने हसू दाबलं. कापड काढून त्यांच्या छातीवर ठेवलं. शिंपीणबाईंनी पडल्या पडल्या, हात वर धरून, काठ शिवायला घेतला. सुया तोंडात धरायची त्यांना सवय होती. कूसवाली ओरडली की तेवढ्यापुरत्या काढायच्या, पाठ फिरली की पुन्हा तोंडात. हात भरून येत, तेव्हा थांबत. टाके असे बारीक की मुंगीची रांग बरी. शेवटची गाठ मारून त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, "आता लावा मला. माझ्याच हातचं आहे. मला काय करणार ते?"

कूसवालीने मावशींना हाक मारली आणि मला वेढून उभं केलं. शिंपीणबाईंनी खाटेच्या वर टांगलेली दांडी धरून अंग उचललं, दोघींनी खालून आधार दिला, झगा बाजूला केला. मी आत होते, म्हणजे मीच आत-बाहेरची हद्द होते. मावशींच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. माकडहाडावर जखम होती. कडा काळपट, आत ओल, पावडरीच्या गुठळ्या चिकटलेल्या.

कूसवालीने वाकून जखम नीट पाहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, इथे एक जखम झालीय. पडून राहून होते अशी. खोल आहे, पण बरी होईल. रोज धुवू. तुम्ही मला मदत करायची."

"खूप वाईट आहे का हो?"

"मला जरा आधी बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं." एवढंच बोलली. त्यात टोमणा नव्हता. मी असते तर दिला असता.

त्यानंतर तिने जे केलं ते कुणी पाहिलं नाही, कारण ते माझ्या आड झालं. डॉक्टरांना बोलावून जखम दाखवली; त्यांनी मेलेलं कातडं काढलं, औषध सांगितलं. पुढचं सगळं हिचं. जखम धुवायची, हलक्या हाताने आत औषधाची पट्टी भरायची, झाकायची. वजनाची दोरी न हलवता अंग थोडं थोडं कलतं करून उशांचा टेकू द्यायचा, आणि वेळ झाली की तो बदलायचा. चादरीची एक सुरकुती राहू द्यायची नाही. प्लास्टिक कचऱ्यात, पावडर नणंदेच्या पिशवीत. जेवण उरलं की शेजारी बसून एकेक घास. पुढच्या पाळीच्या सिस्टरांना जाण्याआधी खाटेपाशी उभं करून सांगायचं, दाखवायचं, त्यांच्याकडून करून घ्यायचं. जखमेच्या तळाशी लाल दाणे धरले, तेव्हा ती एवढी खूश झाली, जणू तिचंच पोर पहिलं पाऊल टाकत होतं.

आणि नेमकं तेव्हाच नणंदेने जखम पाहिली.

ड्रेसिंग चालू असताना ती माझी घडी सरकवून आत आली. पाहिलं आणि भिंतीला टेकली. तिला काय वाटलं असेल ते मला समजतं. रोज आपल्या हाताने पावडर टाकली, ती कशावर टाकत होतो ते तिला त्या क्षणी कळलं. पण कळणं सोसायला छाती लागते. ज्याला टोचणी सोसवत नाही तो ती काढून दुसऱ्याच्या अंगात खुपसतो.

"येताना अंग कोरं होतं हिचं!" तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "इथे सडवलंत तुम्ही माझ्या वहिनीला! काय करत होतात इतके दिवस? पडदे फिरवत होतात, नाच करत होतात!"

ती तडक ऑफिसात गेली. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई वॉर्डात आल्या. सगळ्या सिस्टरांच्या वर त्या. त्यांनी आधी कूसवालीला विचारलं. ती म्हणाली, "पाठ बघू देत नव्हत्या. मी लिहून ठेवलंय."

"नको म्हणाल्या असं लिहिलं की झालं का? समजवायचं कुणी?"

"समजावलं. म्हणून तर शेवटी बघू दिली."

"उशीर झाला ना पण?"

 उशीर झालाच होता.

मग मेट्रनबाई शिंपीणबाईंकडे वळल्या. खाटेच्या एका बाजूला कूसवाली, दुसऱ्या बाजूला नणंद. पायथ्याशी मी, उघडी, नवे टाके घातलेला काठ खाटेकडे. "तुम्ही सांगा बाई. घाबरू नका. सिस्टर तुमची पाठ बघायला येत होत्या, आणि तुम्हीच नको म्हणत होतात, हे खरं का?"

वॉर्डात सगळ्या जणी ऐकत होत्या. शिंपीणबाईंनी कूसवालीकडे पाहिलं नाही. नणंदेकडे पाहिलं. नणंदेच्या घराची खोली, नणंदेच्या हातचा घास, कुबड्या घेऊन चालायचे पुढचे महिने, हे सगळं त्या एका बघण्यात होतं. मग त्यांनी माझ्या काठाकडे पाहिलं.  

"मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मावशी पुढे झाल्या, बोलायला तोंड उघडलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कुणी विचारलं?" आणि गेल्या. नणंदही त्यांच्या मागोमाग गेली.

आता ऐका, मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते. ती ड्रेसिंगची वेळ होती. कूसवालीने हात धुतले, ट्रे आणला, मला सरकवून खाटेभोवती उभी केली. रोजच्यासारखंच पाणी कोमट आहे का ते पाहिलं. रोजच्यासारखाच हात हलका. आत कुणी "जिवंत आहे गं" म्हणून ओरडलं नाही.

"सिस्टर…" शिंपीणबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या.

"श्वास सोडा. जरा झोंबेल," ती म्हणाली.

बस.  पट्टी नीट बसली का ते तिने बोटाने दाबून पाहिलं, चादरीची सुरकुती काढली आणि मला मिटलं. मिटताना तिने माझी दांडी नको इतकी घट्ट धरली होती. माझ्या लोखंडाला कळलं, दुसऱ्या कुणाला नाही.

त्या आठवड्यात तिला वॉर्डातून काढून कपड्यांच्या कोठारात बसवलं. चादरी, झगे, उशांचे अभ्रे. जिला माणसांच्या पाठी कळायच्या, तिने आता धुतलेल्या चादरींची थप्पी लावायची. ती काही दिवस तिथे गेली. मग नोकरी सोडून गेली. कुठे, ते मला माहीत नाही.

शिंपीणबाईंची जखम भरली. भरणारच होती, वाट कूसवालीने घालून दिली होती. मागे राहिलेल्या सिस्टरांनी ती पुढे नेली, त्यांचंही श्रेय मी नाकारत नाही. हाड जुळलं, वजन उतरलं, शिंपीणबाई कुबड्यांवर उभ्या राहिल्या. घरी जाताना नणंदेने मोठ्या डॉक्टरांना फुलांचा गुच्छ दिला. डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यामुळे वाचली हो." डॉक्टर संकोचले, म्हणाले, "सिस्टरांचं काम आहे ते." नणंदेने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शिंपीणबाई दाराकडे बघत होत्या.

मला कोण फिरवणार मग? वॉर्डात माणसं तितकीच, काम दुप्पट. मी कोपऱ्यात. हळूहळू पुन्हा तेच, जी जायला निघाली तिच्यासाठीच मला आणायचे. एकदा कुणीतरी पुन्हा म्हणालं, "हिरवी निघाली गं," आणि हसणारं कुणी नव्हतं. पुढे छताला दांड्या बसल्या, खाटेखाटेला सरकते पडदे आले. छान आहेत, खोटं कशाला बोलू. पण पडदा आपण होऊन सरकत नाही, त्याला हात लागतो. घाईत कितीदा ते अर्धेच ओढलेले असतात, हे मी व्हरांड्यातून बघते. तोवर माझं कापड विरलं होतं. कुणीतरी ते फाडून फरशीला घेतलं. काठ तेवढा शेवटपर्यंत फाटला नाही. मावशी म्हणाल्या, "टाके बघा कसे घट्ट," आणि ती पट्टी बादलीच्या कडीला बांधली.

मग एका दुपारी व्हरांड्यात काठी टेकत कुणीतरी आलं. एका पायाने जरा लंगडत. बगलेत गाठोडं. मावशी जिन्यावर बसल्या होत्या, आता पार म्हाताऱ्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"शिंपीणबाई ना तुम्ही?"

"हो. मावशी, त्या सिस्टर कुठे भेटतील हो? कूसवाल्या? वॉर्डात विचारलं तर कुणाला माहीतच नाही."

"कशाला हव्यात?"

शिंपीणबाईंनी गाठोडं सोडलं. आत नवं हिरवं कापड होतं, घडी घातलेलं, काठ शिवलेला, दांडीत ओवायच्या नाड्या लावलेल्या. "हे द्यायचं होतं. आणि…" त्यांनी कापडाची घडी पुन्हा सारखी केली. "वन्सं गेल्या मागच्या महिन्यात. आता मी माझ्या खोलीत राहते. म्हटलं, आता जाऊन सांगावं. मेट्रनबाईंनाही सांगणार होते, की चूक माझी…"

"आता सांगणार?" मावशी म्हणाल्या. "मेट्रनबाई रिटायर होऊन युगं झाली. ती बिचारी कोठारात चादरी मोजून मोजून निघून गेली. आणि तुम्ही आत्ता सांगणार? तेव्हा तोंडात सुया धरल्या होत्या का?"

शिंपीणबाई उभ्याच राहिल्या. मावशींनाही मग वाईट वाटलं असावं, त्या उठून पाणी आणायला गेल्या. शिंपीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मी दिसले. फडक्यांनी लगडलेली, गंजलेली. त्यांनी मला ओळखलं. काठी भिंतीला टेकवली, एकेक फडकं काढून बाजूला ठेवलं, पदराने माझ्या दांड्या पुसल्या, आणि ते नवं कापड माझ्या अंगावर चढवलं. इतक्या वर्षांनी, टेप न लावता, नुसत्या आठवणीने शिवलेलं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. माप अगदी बरोबर होतं.

मग त्या माझ्या आड, भिंतीच्या बाजूला, थोडा वेळ बसल्या. काय केलं ते मी सांगणार नाही. माझं काम झाकायचं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पडून असेल तर त्याची पाठ बघा. पावडर टाकू नका, बघा. आडोसा करा आणि बघा. आणि जिने बघितली, तिच्यावर कुणी बोट रोखलं तर त्याच वेळी, तिथेच, तोंड उघडा. नंतर शिवलेलं कापड कितीही मापात असो, त्याचा उपयोग काय ते मला विचारा. शिंपीणबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुसून झाल्यावर सफाईच्या बायकांनी ओली फडकी आणली आणि त्या नव्या कापडावरच वाळत घातली.